हा कोळसा कशाचा?

अमरावती
९ जून २०२४

तीर्थरूप किसनमामांना प्रतीक्षाचा नमस्कार.

परवा फोनवर मी अर्धा तास ओरडून सांगितलं आणि शेवटी तुम्ही म्हणालात, "बरं बरं, लग्न कोणत्या तारखेचं हाये?" मामा, मी लग्नाचं काही बोलतच नव्हते. म्हणून हे पत्र. कानांचं काम आता डोळ्यांना सांगते.

मला नोकरी लागून चार महिने झाले. शहराबाहेर प्रयोगासाठी उभारलेली एक भट्टी आहे. बंद डब्यात, हवा जवळजवळ लागू न देता, माल साडेपाचशे अंशांवर तापवायचा. हवा नसली की तो जळून राख होत नाही, काळा भुसभुशीत कोळसा उरतो. त्याला बायोचार म्हणतात. मातीत घातला तर ओल धरून ठेवतो, खत वाहून जाऊ देत नाही, असं पुस्तकात आहे. पण पुस्तकातली माती आपली काळी माती नाही, आणि कुंडीत उगवलेल्या मेथीवर माझा विश्वास बसत नाही. मला खरं वावर पाहिजे.

रोहितदादा पुढच्या आठवड्यात इकडे येतोय. त्याच्याबरोबर दोन पोती देते. एकावर १ लिहिलंय, दुसऱ्यावर २. चार वाफे द्याल का? दोनांत हा कोळसा, दोन तसेच. बी, पाणी, शेणखत सगळं सारखं. आणि जे दिसेल ते कळवायचं, चांगलं असो की वाईट.

कोळसा शहरात वाया जाणाऱ्या मालाचा आहे. मामीला सांगा, कपड्याला लागला तर साबणानं निघतो.

तुमची
प्रतीक्षा


अकोट
२३ जून २०२४

चि. प्रतीक्षाले मामाचे आशीर्वाद.

मले लिहायची सवय नाई राह्यली, म्हणून बोलतो तसंच लिहून राहिलो.

पोते पोचले. रोहितनं मोटरसायकलवर बांधून आणले, तं अकोटाले येईस्तोवर पोट्टा मांगून पुरा काळा झाला. तुह्या मामीनं त्याले अंगणातच आंघोळ घातली.

मी मूठभर कोळसा गिलासात टाकून पाह्यला. थोडा तरंगला, बाकीचा बसला. नाकाले लावला, वास नाई. मंग जिभेले लावला. मामी ओरडली, पण लावल्याशिवाय समजत नाई. थोडा खारट लागला अन् जिभेले असा चिकटला की सोडे ना. तवा मले समजलं, हा उपाशी हाये. जे जिभेचं पाणी ओढते, ते मातीतलंही ओढन. पेरल्याबरोबर पिकाच्या तोंडचा घास हाच खाईन. म्हणून चार नाई, सहा वाफे केले. दोन बिनकोळशाचे, दोन कोरड्या कोळशाचे, अन् दोनात कोळसा आठ दिवस शेणाच्या काल्यात भिजवून टाकला. पह्यले त्याचं पोट भरलं पायजे.

सहाही वाफ्यात पालक लावला. लवकर येते, लवकर सांगते.

कापूस वेचल्यावर उरलेल्या पऱ्हाट्यांचाच कोळसा हाये ना हा? आमी दरसाल वावराच्या काठाले धुऱ्यावर ढीग लावून पऱ्हाट्या पेटवून देतो, अन् तुमी त्याचाच माल बनवून राह्यले. शाब्बास. तुही माय असती तं खुश झाली असती.

किसनमामा


अमरावती
४ जुलै २०२४

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी आमच्या नीलम मॅडमना वाचून दाखवलं. त्या भट्टीच्या प्रमुख आहेत. 'हा उपाशी हाये' ऐकून त्या हसल्या आणि मग त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. कोरडा कोळसा सुरुवातीला मातीतलं नत्र धरून बसतो, हे समजायला आम्ही तीन आठवडे वाचत होतो. तुम्हाला जिभेनं सांगितलं.

पऱ्हाट्यांचाही कोळसा होतो, चांगला होतो. कृपा करून पुन्हा जिभेला लावू नका. तो खायचा नाही, एवढं ऐका.

वाफ्यांच्या बातमीची वाट पाहते.

प्रतीक्षा


अकोट
१८ ऑगस्ट २०२४

चि. प्रतीक्षाले आशीर्वाद.

पह्यले वाईट सांगतो. कोरड्या कोळशाच्या वाफ्यातला पालक विसाव्या दिवशी पिवळा पडला. बिनकोळशाचा साधारण. अन् भिजवलेल्या कोळशाचा असा उठला की तुह्या मामीनं एक पान तळहातावर ठेवलं तं हात झाकून गेला. मंधात आठ-दहा दिवस पाऊस नोता, तवा सगळ्या वावराले भेगा पडल्या. या वाफ्यात भेग बारीक होती. बाकी वाफ्यात अख्खं बोट जाये, इथं नुसतं टोक.

दुसरं पोतं जूनमधीच मामीनं पळवलं. काल्यात भिजवून अर्धं सांबारात टाकलं (तुमी शिकलेले लोक आता कोथिंबीर म्हणता म्हणे), अर्धं झेंडूत. महालक्ष्म्या जवळ आल्या. गल्लीत दहा-बारा घरी तिचेच हार जातात, तुले माहीतच हाये.

आता मुद्द्याची गोष्ट. मले वाटलं, पऱ्हाट्या तं आपल्या घरच्याच, मंग कोळसा अमरावतीवरून कावून आणाचा? पत्र्याच्या ड्रमात पऱ्हाट्या भरल्या, झाकण मातीनं लिंपलं, खालून जाळ केला. तीनदा फसलं, चवथ्यांदा जमलं. पण माह्या कोळशाले फुंक मारली तं उडते. तुहा जड हाये. मंग मी दोन्ही एक-एक वाटी घेतले अन् चुलीवर उघड्या पत्र्यावर लाल करून पार जाळून टाकले. माह्या वाटीची चिमूटभर पांढरी राख झाली. तुह्या वाटीची अर्ध्या वाटीवर भुरी-तांबूस माती उरली.

पोरी, हे लाकूड नाई. लाकडात एवढी माती कुठून येईन? मंग हे काय हाये? चार दिवस झाले, निंदण करतो तरी हेच डोक्यात चालू हाये. लवकर लिहिजो.

किसनमामा


अमरावती
२४ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमच्या चुलीनं माझी चोरी पकडली.

हा कोळसा पऱ्हाट्यांचा नाही. अमरावतीच्या सांडपाण्याचा आहे. घराघरांतल्या मोऱ्या आणि संडासांचं पाणी गटारातून शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथं पाणी वेगळं काढतात आणि तळाला काळा गाळ राहतो. रोज राहतो, ढीग होतो, टाकायला जागा उरत नाही. तो वाळवून आम्ही भट्टीत घालतो. माणसाच्या पोटातून गेलेलं धान्य आणि गटारात वाहून आलेली माती, दोन्ही त्यात असतं. तुमच्या पत्र्यावर उरली ती तीच माती.

साडेपाचशे अंशांत रोगजंतू, जंतांची अंडी, काही जिवंत राहत नाही. हे मी स्वतः तपासलंय. जिभेला लावलात त्यानं तुम्हाला काही होणार नाही. पण ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. तेव्हाच लिहायला हवं होतं. 'शहरात वाया जाणाऱ्या मालाचा' हे शब्द मी पहिल्या पत्रात दोनदा खोडून पुन्हा लिहिले होते. वाटलं, आधी पीक पाहू दे, मग सांगू. पीक डोळ्यांनी पाहिलं की कोण नाही म्हणणार?

मामी तो झेंडूला घालेल हे माझ्या मनातही आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. सातवीपासून बारावीपर्यंत मी तिच्याच शेजारी बसून हार ओवले आहेत.

तिला तुम्ही सांगाल का? मला धीर होत नाही.

प्रतीक्षा


अकोट
१३ सप्टेंबर २०२४

प्रतीक्षा,

तुहा मामा लिहून नाई राह्यला, म्हणून मी लिहून राहिली. चवथीनंतर एवढं कधी लिहिलं नाई. चुका काढू नोको.

तुहं पत्र त्यायनं मोठ्यानं वाचलं, बहिरा माणूस वाचते तसं. धुऱ्यापलीकडं चंदा निंदत होती, तिनं सगळं ऐकलं. आता गावात सांगाले कोणी बाकी नाई.

मले किळस आली असं समजू नोको. गाईचं शेण, पोरायचे लंगोट, तुह्या आजीचं आखरीचं आजारपण, सगळं या हातानं केलं. माह्या आजीच्या वावरात माणसाच्या मैल्याचं सोनखत पडे. पण ते आजीले माहीत होतं.

झेंडू उपटला नाई. झाडाचा काय गुन्हा? पण महालक्ष्म्यांले मी अकोल्यावरून फुलं विकत आणली. गल्लीतल्या बायायचे हारही त्याच फुलायचे केले. माह्या वाफ्यात टोपलंभर फुलं उभी होती अन् मी दुसऱ्याची फुलं ओवत बसली. चंदा सगळं माहीत असून टोमणा मारे, "कावून वो मनकर्णाबाई, यंदा झेंडू नाई आला?"

तू आमच्या घरची पोरगी हायेस. दुसऱ्यानं केलं असतं तं मी भांडली असती, मोकळी झाली असती. तुह्याशी भांडताही येत नाई.

काई दिवस पत्र पाठवू नोको.

मामी


अमरावती
२० सप्टेंबर २०२४

मामा आणि मामी, दोघांनाही नमस्कार.

मामी, नको म्हणालीस तरी लिहिते. हे न लिहिणं पहिल्या लपवण्यापेक्षा वाईट होईल.

रोहितदादाला सकाळी फोन केला, त्यानं सांगितलंच असेल. तरी नीट लिहिते. प्रत्येक पोत्यातला नमुना आम्ही धातूंच्या तपासणीसाठी बाहेरगावी पाठवतो. निकाल फार उशिरा येतो. काल आला. पोतं १ ठीक आहे. पोतं २ मध्ये निकेल मर्यादेच्या चौपट आहे. पहिलं पोतं मार्चच्या गाळाचं होतं, दुसरं मेच्या. भट्टीत जंतू मरतात, पण धातू मरत नाही. उलट बाकीचं जळून-उडून जातं आणि धातू आणखी दाट होतो.

दुसऱ्या पोत्याच्या वाफ्यातला सांबार तोडू नका, विकू नका, खाऊ नका. पाच-सहा जुड्या उपटून, मुळाची माती झटकून, कागदात बांधून रोहितदादाबरोबर पाठवा. पानात किती उतरलंय ते तपासून घेते.

नीलम मॅडम म्हणाल्या, "एकदा पुन्हा तपासू. तोवर शेतकऱ्याला घाबरवू नकोस." मी म्हटलं, "मॅडम, ते कोणी शेतकरी नाहीत, माझे मामा आहेत." आणि बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. दुसरं कोणी असतं तर काय मी गप्प बसले असते?

तुम्ही माझ्यावर रागवा. पण आधी तो सांबार थांबवा.

प्रतीक्षा


अकोट
२९ सप्टेंबर २०२४

चि. प्रतीक्षा,

सांबार त्याच दिवशी उपटला. पण दोन तोडे आधीच बाजारात गेले होते. आमीही खाल्ला.

बाजाराच्या दिवशी मी दुकान लावलं, अन् नेहमीचं गिऱ्हाईक आलं की सांगत गेलो. बाई, मांगं दोन हप्ते माह्याकडून सांबार नेला, त्याची तपासणी चालू हाये, काई खराबी निघाली तं मी घरी येऊन सांगीन. रोहित म्हणे, बाबा कावून सांगून राह्यले, कोणाले माहीतबी नोतं. मी म्हटलं, मले तं माहीत हाये. एका बाईनं सगळ्यांदेखत लय सुनावलं. मले अर्धंच ऐकू आलं, तेवढा फायदा झाला. दोन-तीन गिऱ्हाईकं आता पलीकडच्या दुकानात जातात. जाऊ दे.

तुह्या मामीचं सांगतो. तुहं पत्र आलं तं ती म्हणे, वाचा. मी वाचलं. तिनं पत्र दुमडून देवळीत ठेवलं. मांगचं पत्र तिनं चुलीजवळ फेकलं होतं.

मले राग होता. आता एक सवाल हाये अन् तो रागाहून मोठा झाला. माणूस धान्य खाते, भाजी खाते, मीठ खाते. निकेल कोण खाते? अमरावतीचे लोक काय चमचे गिळतात? मार्चमधी नोतं अन् मेमधी आलं. मंग पोटातून नाई आलं, कोणीतरी गटारात सोडलं. आमी विहिरीले खारं पाणी लागलं तं झरा कोणत्या अंगानं येते ते पाहतो. तुमी गटाराचा झरा पाह्यला काय?

जाय अन् पाह्य. सापडलं तं मले सांगजो.

किसनमामा


अमरावती
१० नोव्हेंबर २०२४

मामा, मामी,

आधी पानांचा निकाल. सांबारात निकेल नेहमीपेक्षा थोडंसंच जास्त आहे, खाणाऱ्याला अपाय होण्याइतकं नाही. आपल्या काळ्या मातीत चुना असतो, तो धातूला धरून ठेवतो. गिऱ्हाइकांना सांगा. निकालाचा कागद सोबत जोडलाय. पण धातू मातीत आहेच आणि तो आपोआप जाणार नाही. त्या दोन वाफ्यांची वीतभर माती काढून पोत्यांत भरून ठेवा. ती आमची आहे, आम्ही परत नेऊ.

आता झऱ्याचं सांगते.

तुमचं पत्र घेऊन मी देवानंदभाऊंकडे गेले. ते शुद्धीकरण केंद्रात वीस वर्षांपासून आहेत, सगळ्या शहराच्या गटारांचा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे. ते म्हणाले, "ताई, शोधू. पण आत कोणी उतरायचं नाही. झाकण उघडायचं आणि दोरीला बाटली बांधून सोडायची." मोठ्या लाइनला जिथं जिथं दुसऱ्या लाइनी मिळतात, अशा सात झाकणांवर आम्ही तीन सोमवार नमुने घेतले. काही सापडलं नाही. मी कंटाळले. देवानंदभाऊ म्हणाले, "तुम्ही सोमवारी का घेता?"

"सोमवारी आपली गाडी रिकामी असते म्हणून."

"कारखानेवाले टाकी कधी धुतात?"

मला माहीत नव्हतं.

"सुट्टीच्या आदल्या दिवशी. दुपारून."

मग आम्ही तसे गेलो. पाचव्या झाकणातली बाटली वर आली तर पाण्याला फिकट हिरवी झाक. त्या लाइनवर मागं मागं सरकत एका बोळात पोचलो. तिथं एक शेड आहे, नळाच्या तोट्यांना आणि सायकलच्या हँडलांना निकेलचं पाणी चढवतात. एप्रिलमध्येच सुरू झालेली. मालक चंद्रभानजी, तुमच्याच वयाचे. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी चहा मागवला.

मी विचारलं, "टाकीतलं पाणी कुठं सोडता?"

"मोरीत. कावून?"

"ते पुढं कुठं जातं माहीत आहे?"

"गटारात जाते. मंग संपलं ना."

मी त्यांना तुमच्या सांबाराचं सांगितलं. अकोटाच्या बाजारात तुम्ही उभं राहून काय सांगितलंत तेही सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मी पाणी सोडत होतो ताई. भाजीत जाईन, असं कोण समजते?" मला त्यांच्यावर चिडता आलं नाही. गाळ भट्टीत गेला की सगळं संपलं, असं मीही इतके महिने समजत होते.

नोटीस गेली आहे. आता ते पाणी टाकीत साठवतात आणि घातक कचरा नेणारी गाडी ते उचलून नेते. मागच्या आठवड्यातल्या गाळात निकेल मर्यादेच्या आत आलंय. आणि नीलम मॅडमनी नियम केला: तपासणीचा कागद आल्याशिवाय पोतं दाराबाहेर जाणार नाही.

मामा, माझा प्रश्न फक्त एवढाच होता की कोळसा पिकाला काय करतो. तो कुठून येतो, हे विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. ते तुम्ही विचारलंत.

नवा कोळसा पाठवू का? नाही म्हणालात तरी चालेल.

प्रतीक्षा


अकोट
२२ डिसेंबर २०२४

प्रतीक्षा,

आशीर्वाद. आज मीच लिहून राहिली.

मामा मांगच्या हप्त्यात तुह्याकडं येऊन गेला. जाताना काढलेल्या मातीचे पोते गाडीत घालून घेऊन गेला, ते तू पाह्यलंच. परत आल्यापासून दुसरी गोष्ट नाई. भट्टी अशी, झाकण तसं, त्या देवानंदानं त्याले वहीवर चित्र काढून दाखवलं, कोणतं पाणी कुठून येते. दोघं दोन घंटे वहीवर बोलत बसले म्हणे. माह्याशी दोन घंटे कधी बोलला नाई हा माणूस.

परत येताना त्यानं आणलेलं नवं पोतं मी सोडलं. त्यानं हात लावायच्या आधी. पोत्यावर तू मोठ्या अक्षरात लिहिलं हाये: अमरावतीच्या सांडपाण्याच्या गाळाचा कोळसा, महिना ऑक्टोबर, अन् खाली तपासणीचे आकडे. आकडे मले समजले नाई, पण पह्यली ओळ समजली. चंदाले बलावून तिलेही वाचाले लावली. ती म्हणे, बाई बाई. मंग तिनंही हात घालून पाह्यला.

वांग्याच्या दोन वाफ्यांत टाकला. ते वांगे आमी घरी खाऊ, मंग पाहू. देवाच्या झेंडूले मी तुहा कोळसा टाकणार नाई. कावून ते विचारू नोको. सगळ्याच गोष्टीचा कागद नसते.

पण शेवंतीचा एक वाफा रिकामा ठेवला हाये. शेवंती लग्नाच्या मंडपाले जाते, वेणीत जाते. तुले वाटत असन तं त्यात टाक. पण तू ये अन् आपल्या हातानं टाक. अन् फूल निंघालं की बाजाराच्या दिवशी माह्याजवळ दुकानात बस. घेणारी जी बाई येईन तिले तूच सांगजो, हे फूल कशावर आलं. ती घेईन तं घेईन. नाई घेतलं तं फूल परत टोपल्यात ठेवाचं अन् दुसरीले सांगाचं. मामानं सांगतलं तसं.

जमन काय?

मामी


अमरावती
२८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मामीस नमस्कार.

पुढच्या शनिवारच्या बसनं येते. बाजारात माझा आवाज किती पोचेल माहीत नाही. पण सांगेन.

तुझी
प्रतीक्षा